होडीचा तळ तडकला: मॅट-पॉलिस्टर लावावं की कापड-इपॉक्सी?

हतनूर धरणाच्या फुगवट्यातलं पाणी उतरायला लागलं की तापीतले खडक वर येतात. उघडे पडलेले दिसतात तरी. दोन-तीन इंच पाण्याखाली राहतात ते घात करतात. आमची १४ फुटी फायबरची होडी अशाच एका खडकावर चढली आणि तळाला वीतभर तडा गेला. तेव्हापासून होडीवाले भाऊबंद मला एकच विचारतात, "दादा, फायबर मारू की इपॉक्सी?" फायबर म्हणजे त्यांच्या बोलीत मॅट-पॉलिस्टर. मुळात दोन्हीकडे काचेचाच धागा आहे. फरक आहे तो धागा कसा विणलाय आणि कोणत्या रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलाय याचा.

पहिल्या खेपेला मी मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांची चटई) आणि पॉलिस्टर रेझिन वापरलं. कूलरच्या बॉड्या आणि पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारे वापरतात तेच. (जळगावात नुसतं 'मॅट' मागितलं तर एखादा प्लास्टिकच्या चटईकडे बोट दाखवेल, म्हणून 'फायबरची मॅट, ४५० ग्रॅमची' असं सांगा.) तड्यावर पॉलिश पेपर फिरवला, तीन थर दिले, वरून रंग मारला. श्रावणापर्यंत होडी कोरडी राहिली. मग एके दिवशी ठिगळाच्या कडेला नख घातलं, तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं अख्खं ठिगळ हातात आलं. त्याची आतली बाजू गुळगुळीत होती आणि होडीवरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत गुळगुळीत थर, खाली जसाच्या तसा चमकत होता.

त्यात पॉलिस्टरचा जेवढा दोष, त्याहून जास्त माझा होता. ताजं पॉलिस्टर एकदा कडक झालेल्या जुन्या पॉलिस्टरशी नीट एकजीव होत नाही, ते फक्त खरबरीत पृष्ठभागाला पकडून बसतं. म्हणून जेलकोट पूर्ण उडवून खालचे काचेचे धागे दिसेपर्यंत ग्राइंडर चालवावाच लागतो. तोही तड्यापुरता नाही. तळाच्या जाडीच्या १२ पट रुंद असा उतार दोन्ही बाजूंना हवा. तळ ५ मिलिमीटर जाड असेल तर तड्याच्या प्रत्येक बाजूला ६ सेंटिमीटर. एवढी घासाई करताना जीव कासावीस होतो, होडी आणखी पातळ करतोय असं वाटतं. पण ठिगळाची ताकद त्या उतारातच असते.

इपॉक्सी इथे उजवं ठरतं. जुन्या फायबरला ते पॉलिस्टरपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतं, सुकताना कमी आकसतं आणि पाणी कमी शोषतं. घासाई मात्र त्यालाही तेवढीच लागते. तळ, कणा आणि मशीन बसवतात ती मागची फळी, म्हणजे जिथे सतत पाणी, हादरा किंवा ओढ आहे तिथे मी आता इपॉक्सीच वापरतो. काठ, बसायची पाटी, आतली खोकी यांना पॉलिस्टर पुरतं. तिथे महागडं रेझिन ओतायची गरज नाही. किलोमागे इपॉक्सी पॉलिस्टरच्या निदान दुप्पट दराने पडतं.

जोड्या मात्र बदलू नका. मॅटमधले तुकडा-तुकडा धागे एका चिकट पदार्थाने धरून ठेवलेले असतात. पॉलिस्टरला पातळ ठेवणारं त्यातलं स्टायरीन तो पदार्थ विरघळवतं, म्हणून मॅट मऊ होऊन कोपऱ्यात छान बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. त्यात तीच मॅट ताठ राहते आणि खाली हवा धरते. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड घ्या. कापडाला रेझिनही कमी लागतं, साधारण त्याच्या वजनाइतकं. मॅट दुप्पट-अडीचपट पिते. फूटभर लांब-रुंद ठिगळाला ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास काच आणि १०० ग्रॅम रेझिन. तीन थरांना ३०० ग्रॅम.

आता उन्हाचं. हा मुद्दा समुद्रकाठच्या माणसाला तितका जाणवणार नाही, पण भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि सगळं गणित बदलतं. तापमान १० अंशांनी वाढलं की रेझिन कडक होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. सकाळी अकरा वाजता पत्र्याच्या शेडमध्ये मी अर्धा किलो पॉलिस्टर एकदम कालवलं होतं. पहिला थर संपतो न संपतो तोच डब्यातलं रेझिन आधी मधासारखं झालं, मग खरवसासारखं थरथरायला लागलं, आणि दोन मिनिटांत डबा हातात धरवेना. वाफ निघायला लागली तशी तो उचलून मोकळ्या मातीत नेऊन ठेवला. ब्रश आतच अडकला.

पॉलिस्टरची जमेची बाजूही इथेच आहे. त्यात हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव्य) १ ते २ टक्क्यांच्या मधे कमी-जास्त करता येतो. उन्हाळ्यात १ टक्का, म्हणजे ३०० ग्रॅमला ३ ग्रॅम. त्याखाली जाऊ नका, ठिगळ कायमचं कच्चं राहतं. इपॉक्सीत ही मुभा नाही. काही प्रकारांत १०० ग्रॅमला १० ग्रॅम हार्डनर लागतो, काहींत ५०. डब्यावर जे लिहिलंय तेच, आणि तेही काट्यावर मोजून. 'जरा जास्त टाकलं की लवकर सुकेल' हा पॉलिस्टरचा हिशोब इपॉक्सीला लावला तर ते चिवट, मऊ राहतं आणि सगळं खरवडून काढावं लागतं. ज्याच्याकडे ग्रॅम दाखवणारा काटा नाही, त्याने इपॉक्सीच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्हींसाठी काम पहाटे करा, एका वेळी १००-१५० ग्रॅमच कालवा, आणि इपॉक्सी कालवल्यावर खोल डब्यात न ठेवता पसरट ताटलीत ओता, म्हणजे उष्णता बाहेर पडते. याच उन्हाचा एक मोठा फायदा आहे. तड्यात मुरलेलं पाणी निघाल्याशिवाय कुठलंच रेझिन नीट धरत नाही, आणि आपल्याकडे होडी पालथी घालून आठवडाभर उन्हात ठेवली की ती खडखडीत वाळते. म्हणून पावसाळ्यात दुरुस्ती काढू नका. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. पुढचा हात देण्याआधी तो पाण्याने आणि घासणीने धुवावा लागतो.

भाचा गोव्याहून तडकलेला सर्फबोर्ड घेऊन आला तेव्हा हाच प्रश्न निघाला. तिथे निवड सोपी आहे, आत काय आहे ते बघायचं. आत थर्मोकोल असेल तर पॉलिस्टरला हात लावू नका. स्टायरीन थर्मोकोल खातं आणि ठिगळाखाली पोकळी पडते. तिथे इपॉक्सीच. आत पीयू (पॉलियुरेथेन) फोम असेल तर दोन्ही चालतात. थर्मोकोलच्या बोर्डाचं काम मात्र पहाटे न करता संध्याकाळी करा. दिवस चढताना आतली हवा फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढते.

कार्बनचं कापड लावू का, असंही पोरं विचारतात. काळं दिसतं, रुबाबदार वाटतं. पण ते आजूबाजूच्या काचेपेक्षा फार ताठ असतं. मार बसला की ताण ठिगळाच्या कडेवर येतो आणि होडी तिथेच नव्याने तडकते. काचेच्या होडीला काचच लावा.

इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट भरवशाने बसत नाही, आणि उघडं इपॉक्सी उन्हाने पिवळं पडून भुकटतं. म्हणून वरून रंग हवाच. पॉलिस्टरवर जेलकोट सरळ चालतो.

पॉलिस्टरवाल्यांनी एक गोष्ट कधीही विसरू नये. कोबाल्ट (रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून घालतात ते द्रव्य) आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा लावा. इपॉक्सी हाताला लागत राहिलं तर अंगावर खाज कायमची मागे लागते, तेव्हा हातमोजे. ग्राइंडर चालवताना दोन्हीकडे मास्क, साधा रुमाल नाही.

ठिगळ झाल्यावर पॉलिस्टरला एक-दोन दिवस आणि इपॉक्सीला आठवडा द्या. मग नाण्याने इंचाइंचावर ठोकून बघा. टणक आवाज आला तर होडी पाण्यात सोडा. कुठे बद्द आवाज आला तर तेवढा भाग खाली सुटलेला आहे, तो पुन्हा घासायला घ्या.