दायमाबादच्या हत्तीच्या नावाखाली गेलेले ३८,८५० रुपये

घरात मांडण्यासाठी प्राण्यांची धातुशिल्पे मागवण्याच्या विचारात कोणी असेल, आणि विशेषतः 'हाताने घडवलेले ब्राँझ, त्यावर अस्सल चांदीचा मुलामा' अशी जाहिरात पाहून विरघळले असेल, तर त्यांनी पैसे भरण्यापूर्वी हे वाचावे. आगाऊ पैसे भरायला लावून बनावट वस्तू पाठवण्याचा हा प्रकार कसा चालतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते, आणि म्हणूनच राग अधिक येतो.

माझे वडील इतिहासाचे शिक्षक. प्रवरा नदीकाठी दायमाबादला १९७४ साली सापडलेली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही चार प्राचीन धातुशिल्पे त्यांनी आम्हा मुलांना संग्रहालयात काचेआड दाखवली होती आणि पुढे घरी कितीतरी वेळा त्यांच्याविषयी सांगितले होते. त्यांच्या ७५व्या वाढदिवसाला त्यातल्या हत्तीची आणि गेंड्याची मूळ आकारातली, चांदीचा मुलामा दिलेली प्रतिकृती द्यावी, असे माझ्या मनात होते. नेमकी तीच जाहिरात समोर आली. हत्ती २१,५०० रुपये, गेंडा १७,००० रुपये, आणि संपूर्ण रक्कम आगाऊ भरल्यास दहा टक्के सूट. मी ३४,६५० रुपये यूपीआयने भरले. पैसे स्वीकारणारे नाव दुकानाचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. 'आमच्या हिशेबनिसाचे खाते आहे' हे उत्तर मी मान्य केले. असे उत्तर मिळाले की व्यवहार तिथेच थांबवावा.

मी अगदीच डोळे मिटून पैसे दिले, असे कोणी म्हणू नये. मी मेणसाच्याच्या पद्धतीविषयी प्रश्न विचारले होते. मेणाची प्रतिमा, तिच्यावर मातीचे लेप, मग तापवून मेण काढून टाकणे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतणे, हे सर्व विक्रेत्याने बिनचूक सांगितले, वर भट्टीची चित्रफीतही पाठवली. प्रत्येक नग वेगळा असतो, कारण साचा फोडावा लागतो, हेही त्यानेच सांगितले. ती चित्रफीत दुसऱ्याच कोणा कारागिराची होती, हे मला पुढे कळले. इतके जाणणारा माणूस खोटा असेल, हे माझ्या मनात आले नाही. तुमच्या आले असते का, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारून पाहा.

पण एक क्षण असा होता की तिथे मी थांबायला हवे होते, आणि तो मी अजून विसरू शकत नाही. नवव्या दिवशी त्याने बांधून तयार असलेल्या खोक्याचे छायाचित्र पाठवले. खोक्यावर कुरिअरची पावती चिकटवलेली होती आणि तिच्यावर वजन होते १.८६० किलो. दोन शिल्पे, लाकडी पेटी आणि भराव, सगळे मिळून १.८६० किलो. दायमाबादची मूळ शिल्पे भरीव ओतीव आहेत, चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. एक लिटर पाणी मावेल एवढ्या जागेतले ब्राँझ साडेआठ किलोंहून जास्त भरते. प्रतिकृती पोकळ ओतली असेल असे धरले, तरी पंचवीस सेंटिमीटर उंचीचा हत्ती, शिवाय गेंडा आणि वर लाकडी पेटी, हे एवढ्या वजनात बसणेच शक्य नव्हते. तो आकडा मी वाचला. मोठा करून वाचला. आणि त्याच्या खाली खोके कधी पोहोचणार ती तारीख पाहून समाधानाने फोन बाजूला ठेवला.

त्याच संध्याकाळी त्याने आणखी ४,२०० रुपये मागितले. वस्तू प्राचीन शिल्पासारखी दिसते, वाटेत अडवली जाईल, म्हणून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला काढावा लागेल, आणि ही रक्कम वस्तू पोहोचल्यावर परत मिळेल, असे त्याचे म्हणणे होते. असा दाखला असतो हे खरे आहे, पण तो वस्तू देशाबाहेर नेताना लागतो. नवी प्रतिकृती देशातल्या देशात पाठवायला त्याची गरज नाही. वजनाचा आकडा डोळ्यांसमोर असताना मी तेही पैसे भरले. एकूण ३८,८५० रुपये.

खोके आले. हत्तीच्या बैठकीखाली हिरवी फेल्ट चिकटवली होती. ती सोलली तेव्हा खाली लोखंडी पट्टी निघाली. लोहचुंबक पट्टीला चिकटला, अंगाला नाही, त्यामुळे क्षणभर आशा वाटली, कारण ब्राँझलाही चुंबक चिकटत नाही. मग मागच्या पायावर किल्लीने ओरखडा काढला. चंदेरी पापुद्रा निघाला आणि खालून पांढरी भुकटी गळली. मूळ गेंड्याला चाके आहेत, तशी यालाही होती, पण ती फिरत नव्हती, डिंकाने चिकटवलेली होती. पोटावरून शेपटीपर्यंत साच्याची सरळ शिवण स्पष्ट दिसत होती. ओळखीच्या सराफांनी तपासून सांगितले की हे रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ आहे, त्यावर चंदेरी रंग आहे आणि चांदीचा अंशही नाही. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तर 'तो संरक्षक थर आहे, ओरखडे काढल्यामुळे वस्तू परत घेता येणार नाही' एवढे उत्तर आले आणि माझा क्रमांक ब्लॉक केला गेला. बिलावरचा जीएसटी क्रमांक मी तेव्हा प्रथम शोधला. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ने सुरू होतो. इथे पत्ता महाराष्ट्रातला आणि क्रमांकाचे पहिले दोन आकडे २७ नाहीत, नोंदणी कापडाच्या व्यापाऱ्याची. हा शोध फुकट आहे आणि त्याला एक मिनिट लागते. तो पैसे भरण्यापूर्वी घ्या.

यापुढे जे घडले त्याचा संताप मूळ फसवणुकीहून कमी नाही. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी मला विचारण्यात आले, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" धातू सांगून रेझिन विकणे ही फसवणूक नसेल, तर भारतीय न्याय संहितेतले कलम ३१८ कशासाठी आहे? दुसऱ्या दिवशी संबंधित अधिकारी बंदोबस्ताला गेले होते. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पण पोच मागितल्यावर शिक्का सापडेना. बँकेने सांगितले की पिन तुम्ही स्वतः टाकलात, म्हणून व्यवहार अधिकृत आहे. ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याची चौकशी कोण करणार, असे विचारले तर पोलिसांचे पत्र आणा म्हणाले, आणि पोलीस म्हणाले की आधी बँकेचे पत्र आणा. या दोन दारांमध्ये माझ्या पाच रजा गेल्या. ऑनलाइन तक्रारीपुढे एके दिवशी 'निकाली' असा शेरा दिसला. काय निकाली काढले, कोणी काढले, हे सांगायला एक फोनही आला नाही. सुशिक्षित बाईने इतके कसे फसावे, असे एका कर्मचाऱ्याने माझ्यासमोर दुसऱ्याला विचारले. मला लाज वाटली, हे मी नाकारत नाही. पण लाज वाटून घेण्याची पाळी माझ्यावर का यावी?

माझी एक चूक मात्र खरी आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर मी अकराव्या दिवशी फोन केला. पैसे गेल्याचे लक्षात येताच त्याच तासात करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. खोके उघडताना सलग चित्रीकरण करा, पावतीसकट. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडचा पत्ता एका बंद गाळ्याचा निघाला, म्हणून पैसे भरण्याआधी पत्त्याची खातरजमा करा. विक्रेत्याकडे शिल्प वजनकाट्यावर ठेवलेले, आकडा दिसेल असे चित्रीकरण मागा आणि बैठकीची खालची बाजू उघडी दाखवायला सांगा. जो टाळेल त्याच्याकडून घेऊ नका.

मला फसवणाऱ्यांच्या जाहिरातीतल्या हत्तीच्या डाव्या कानाच्या टोकाला लहान टवका आहे. दुकानाचे नाव बदललेले असेल, पण छायाचित्र तेच वापरले जात आहे. गेल्या आठवड्यात मी ते दुसऱ्या नावाखाली पुन्हा पाहिले, किंमत आता २३,००० रुपये. तो टवका दिसला तर पैसे भरू नका आणि जाहिरातीची प्रत जपून ठेवा. माझा अर्ज अजून प्रलंबित आहे आणि मला आणखी तक्रारदार हवे आहेत.