वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये डेबियन: दीड वर्ष वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकतो, डेबियन या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमचा हा अनुभव डेटा सेंटरमधला नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये वडिलांच्या ओळखीच्या एका काकांचं मशिन शॉप आहे. खाली चार सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशिनं) आणि दोन म्हातारे लेथ, माळ्यावर ऑफिस आणि जिन्याखाली लोखंडी कपाटात सर्व्हर. कपाटाच्या दाराला ड्रिलने भोकं पाडून हवा खेळती ठेवली आहे. पंख्यावर दर दोन महिन्यांनी कटिंग ऑइलचा चिकट थर बसतो, तो पुसावा लागतो. मी ऐरोलीला राहतो, दिवसा महापेला नोकरी करतो आणि गुरुवारी संध्याकाळी इथे येतो, कारण शॉपची सुट्टी शुक्रवारी असते. काही बिघडलंच तर अख्खी रात्र हातात असते.

सर्व्हरकडे कामं फार नाहीत. ड्रॉइंग आणि सीएनसी प्रोग्रॅमच्या फाइल्स सांबावरून (फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर) सगळ्यांना दिसल्या पाहिजेत. स्टोअर आणि जॉब कार्डचं एक घरगुती सॉफ्टवेअर पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतं, ते चालू राहिलं पाहिजे. रात्री बॅकअप झाला पाहिजे. हे सगळं बरीच वर्षं सेंटओएस ७ वर (रेड हॅटच्या विकतच्या लिनक्सची मोफत प्रत) निमूट चाललं होतं. ३० जून २०२४ ला त्याचा सपोर्ट संपला आणि त्याच पावसाळ्यात मी डेबियन १२ बसवलं.

त्याच जातीचं अल्मा किंवा रॉकी लिनक्स घ्यायला हवं होतं असं हे वाचणारे निम्मे लोक म्हणतील, आणि त्यात चूक काही नाही. हात यमवर (तिथलं पॅकेज बसवायचं हत्यार) बसलेले होते, सेलिनक्सशी (तिथली सुरक्षेची कडक व्यवस्था) भांडून भांडून दोस्ती झाली होती. पण डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस ८ चं २०२९ पर्यंतचं आयुष्य एका घोषणेने २०२१ अखेरीवर आलं, तेव्हापासून कुठल्याही 'अमक्याची हुबेहूब प्रत' या प्रकाराला मी ताकासारखं फुंकूनच पितो. अल्मा आणि रॉकी आजही ठणठणीत आहेत, त्यामुळे माझी भीती फुकट होती असंही म्हणा. उबुंटू लिनक्सचा विचार केला, पण सर्व्हरवर त्याची स्नॅप ही पॅकेजची पद्धत नको होती. विंडोज सर्व्हरचा विषय काकांनीच संपवला: "लायसन्सच्या पैशात मला एक टूल चेंजर येईल."

बसवायला तासही लागला नाही. पूर्वी डेबियनची ख्याती अशी की नेटवर्क कार्डचं फर्मवेअर (कार्ड चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेऊन फिरावं लागायचं. २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेऊन हा नियम बदलला आणि बारापासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. आमचं कार्ड पहिल्या फटक्यात ओळखलं गेलं. इथपर्यंत मी खूश होतो.

मग हाताच्या सवयी आडव्या यायला लागल्या. रेड हॅटच्या घरात पॅकेज टाकलं की ते गप्प बसून राहतं, तुम्ही चालू करेपर्यंत. डेबियनमध्ये टाकल्याटाकल्या सर्व्हिस सुरू होते, आणि फायरवॉल मात्र स्वतःहून चालू नसतो. नव्या माणसाला हे जोडीने कळायला हवं. मी आता आधी एनएफटेबल्सचे, म्हणजे फायरवॉलचे, नियम लिहितो, मग बाकी पॅकेजेस टाकतो. चुकीचं लॉगिन करत राहणाऱ्याला अडवणारं फेल-टू-बॅन तर टाकल्याबरोबर पडलं. ते लॉगिनच्या नोंदी जुन्या ऑथ लॉगच्या फाइलमध्ये शोधत होतं, आणि बारामध्ये ती फाइल लिहिणारं आरसिसलॉग मुळात बसवलेलंच नसतं, सगळं सिस्टमडीच्या (सर्व्हिस सांभाळणारा भाग) जर्नलमध्ये जातं. सेटिंगमध्ये बॅकएंडपुढे 'सिस्टमडी' एवढा एक शब्द लिहायचा होता. माझा दीड तास गेला. नंतर रिलीज नोट्स उघडल्या तर आरसिसलॉगबद्दल सरळ लिहिलेलं होतं.

हेच पुढे दीड वर्ष होत राहिलं. डेबियन गुपचूप काही करत नाही, सगळं कुठेतरी लिहून ठेवतं. वाचत मी नव्हतो.

पहिला खरा आवाज स्टोअरच्या मामांनी काढला. आठवड्याभरात फोन आला, "दादा, तुझ्या नव्या मशिनने माझी यादी विस्कटली." मला वाटलं डेटा गेला. तसं काही नव्हतं, फक्त पार्ट नंबरांचा क्रम बदलला होता. पूर्वी '११' आधी यायचा आणि '१-१' नंतर, आता उलटं. मामांचे रॅक त्या छापील यादीच्या क्रमाने लावलेले, त्यामुळे त्यांना हा शुद्ध अत्याचार वाटला. कारण शोधताना मात्र मजा आली. पोस्टग्रेस क्रम लावायला ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीचे नियम वापरतं, आणि ग्लिबसीच्या २.२८ या आवृत्तीत, म्हणजे २०१८ मध्ये, हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्यात मधली रेघ आधी दुर्लक्षित व्हायची, नव्यात ती मोजली जाते. सेंटओएस ७ मधली ग्लिबसी २.१७, बारामधली २.३६. मी डंप (डेटाबेसची बाहेर काढलेली प्रत) काढून नव्याने भरला होता म्हणून बरं. डेटाच्या फोल्डरची सरळ नक्कल केली असती, तर इंडेक्स (नोंदी शोधायच्या सूची) जुन्या क्रमाचे आणि शोध नव्या क्रमाने, मग समोर असलेली नोंदसुद्धा सापडली नसती. मामांसाठी त्या एका रिपोर्टच्या क्वेरीत क्रमाची खास अट घातली. अजून तशीच आहे.

सांबाचं प्रकरण जास्त महाग पडलं. चारपैकी एका सीएनसीचं पॅनेल आतून विंडोज एक्सपी आहे. हसू नका, मशिन उत्तम चालतं आणि त्याची किंमत सर्व्हरच्या कितीतरी पट आहे. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपलेला. त्याला फाइल शेअरिंगची एसएमबी १ हीच भाषा येते, आणि सांबाने ४.११ पासून, २०१९ मध्ये, ती बोलणं आपणहून बंद केलं. सेंटओएस ७ वर ४.१० होतं, म्हणजे आम्ही अगदी उंबरठ्यावर होतो. डेबियन १२ वर ४.१७ आलं आणि सकाळच्या पाळीला पॅनेलवर फोल्डरच दिसेना. ऑपरेटर पेन ड्राइव्ह घेऊन माळ्यावर खाली-वर करतोय, काका घड्याळाकडे बघतायत. मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवरून किमान प्रोटोकॉलची एक ओळ बदलली आणि तात्पुरतं चालू करून दिलं.

तात्पुरतं म्हणालो, कारण मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच एसएमबी १ च्या दारातून घुसला होता. अख्ख्या शॉपच्या ड्रॉइंग असलेल्या सर्व्हरवर ते दार उघडं ठेवून मला झोप लागली नसती. शेवटी भंगारात निघालेला एक छोटा पीसी घेतला, त्याला दोन नेटवर्क कार्डं लावली. एका बाजूला फक्त ते पॅनेल, दुसऱ्या बाजूला सर्व्हर. सर्व्हर आरसिंकने (फाइल नकलण्याचं हत्यार) दर पाच मिनिटांनी प्रोग्रॅमच्या फाइल्स तिकडे टाकतो, तिकडून इकडे काही येत नाही. जुनी भाषा फक्त त्या डब्यात बोलली जाते. जुनी मशिनं सांभाळणाऱ्यांना हा उपाय मनापासून सुचवतो.

अपडेट आपोआप होण्याची सोयही मी उत्साहाने चालू केली. तिची ठरलेली वेळ सकाळी सहाची, अधिक तासाभरात कधीही. घरी बसणाऱ्या माणसासाठी आदर्श वेळ. आमची पहिली पाळी सातची, जॉब कार्डं साडेसहापासून छापायला लागतात. एका सकाळी पोस्टग्रेसचा सुरक्षा अपडेट आला, सर्व्हिस पुन्हा सुरू झाली आणि छपाई मध्येच तुटली. आता टायमर शुक्रवारी पहाटेवर ठेवला आहे. इथे एक खाच आहे: नवी वेळ लिहिण्याआधी तीच ओळ एकदा रिकामी लिहावी लागते, नाहीतर जुनी वेळही राहते आणि दोन्ही वेळा काम होतं. मला हे दुसऱ्यांदा छपाई तुटल्यावर कळलं. सुरक्षा अपडेट आठवडाभर थांबवतो म्हणून जाणकार शिव्या देतील. द्या. सर्व्हर बाहेरून उघडा नाही, एसएसएच (दुरून लॉगिन) फक्त कीने आणि तेही व्हीपीएनमधून (खाजगी जोडणी).

रेडचंही (दोन डिस्कवर तोच डेटा ठेवण्याची सोय) असंच. ते सांभाळणारं एमडीएडीएम महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर दोन्ही डिस्क पडताळून बघतं. रविवारी जग सुट्टीवर असतं, आमच्याकडे तिसरी पाळी चालू असते. तेही शुक्रवारवर नेलं.

रेडवरून आता लाज वाटणारी गोष्ट. लॉगिन केलं की पडद्यावर मेल आल्याची एक ओळ दिसायची. टर्मिनलवर मेल कोण वाचतं, म्हणून मी पुढे जायचो. पहिल्या ऑगस्टमध्ये एका गुरुवारी सहज रेडची स्थिती पाहिली. चौकटी कंसात दोन 'यू' दिसायला हवेत, तिथे एक 'यू' आणि एक आडवी रेघ. एक डिस्क मेलेली. कधीपासून? मेलबॉक्स उघडला तर एमडीएडीएमने पहिल्याच दिवशी कळवलं होतं आणि नंतर रोज आठवण करून देत होतं. एकोणीस पत्रं. एकोणीस दिवस सगळं शॉप एका डिस्कवर चाललं होतं आणि मी दर गुरुवारी येऊन पंखा पुसून जात होतो. नवी डिस्क त्याच रात्री लॅमिंग्टन रोडवरून आणणं शक्य नव्हतं, म्हणून शुक्रवारी सकाळी पहिल्या उघडणाऱ्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत दोन 'यू' परत आले. काकांना एवढंच सांगितलं की डिस्क बदलली. त्यांनी बिल पाहिलं, तारीख विचारली नाही. त्यानंतर रूटचा (सर्व्हरच्या मुख्य खात्याचा) मेल माझ्या रोजच्या पत्त्यावर येतो.

प्रोग्रॅमिंगच्या हत्यारांबद्दल थोडं. सेंटओएसवरून निघण्याचं एक कारण व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर होतं. २०२४ च्या सुरुवातीला त्याच्या रिमोट जोडणीने ग्लिबसी २.२८ मागायला सुरुवात केली, नंतर काही काळ सवलत दिली, पण निरोप स्पष्ट होता. आता जोडणी चालते, तरी सर्व्हरवर मी विम या टर्मिनलच्या एडिटरमध्येच असतो. ऐरोलीहून ठाण्याला येताना गाडीत उभ्याने फोनवरून एसएसएच करणं म्हणजे आधीच उंटावरून शेळ्या हाकणं, त्यात रेंज गेली की उंटही जातो. म्हणून काहीही करण्याआधी टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारं हत्यार. रेंज परतली की काम जिथल्या तिथे सापडतं.

पायथनच्या पिप या पॅकेज बसवणाऱ्या हत्याराने बारावर थेट पॅकेज टाकायला नकार दिला तेव्हा मी चिडलो होतो. आता वाटतं, बरं केलं. सेंटओएस ७ वर यम स्वतःच पायथनवर चालायचं आणि मी एकदा त्या पायथनशी खेळून यमलाच झोपवलं होतं. प्रत्येक स्क्रिप्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, दोन मिनिटांचं काम. आणि ईटीसीकीपर जरूर टाका. ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या प्रत्येक बदलाची गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) नोंद राहते, एपीटीने (डेबियनचं पॅकेज बसवायचं हत्यार) केलेल्या बदलांचीही. 'हे मी कधी बदललं?' याचं उत्तर मला त्याने किमान दहा वेळा दिलं असेल. सर्व्हरची मांडणी आपोआप करणारं अॅन्सिबलही शिकून पाहिलं, पण एका सर्व्हरसाठी ती भांडीकुंडी जास्त होतात.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. बाराला सुरक्षा चमूचा पाठिंबा जून २०२६ पर्यंत आणि त्यापुढे २०२८ पर्यंत एलटीएस (वाढीव काळाचा पाठिंबा), म्हणजे घाई नव्हती. पण दिवाळीत शॉप सलग चार दिवस बंद असतं, अशी संधी पुन्हा वर्षाने. या वेळी रिलीज नोट्स छापून घेतल्या आणि फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचल्या. बायको म्हणाली, "पाडव्याला माणसं पाडवा करतात."

अपग्रेड स्वच्छ झालं. पोस्टग्रेस १५ च्या शेजारी १७ येऊन बसलं, वेगळ्या पोर्टवर. रिकामं १७ काढून टाकायचं आणि १५ ला डेबियनच्याच क्लस्टर बदलण्याच्या आज्ञेने वर न्यायचं. जुनं तसंच शिल्लक राहतं, त्यामुळे धडधड होत नाही. डेटाबेस हलवण्याची इतकी समजूतदार सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तरी एक सुटलंच. पाडवा झाल्याच्या दुसऱ्या सकाळी सहाला फोनवर मेल: बॅकअप फसला, जागा नाही. डिस्कवर नऊशे जीबी मोकळे. तेरापासून टीएमपी हे तात्पुरत्या फाइल्सचं फोल्डर रॅममध्ये राहतं, रॅमच्या जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत. आमची रॅम सोळा जीबी, म्हणजे आठ, आणि माझी जुनी स्क्रिप्ट ड्रॉइंगचा अकरा जीबीचा गठ्ठा आधी तिथेच बांधायची. छापलेल्या कागदांत हा परिच्छेद होता. त्यावर चकलीच्या तेलाचा डागही होता, म्हणजे पान उलटलं नक्की होतं. स्क्रिप्टमधला पत्ता बदलला आणि भाऊबीजेला बॅकअप पूर्ण झाला.

घ्यावं का? तुमच्याकडे आठवड्यातून दोन तास देणारा आणि इंग्रजी कागद कंटाळा न करता वाचणारा एक माणूस असेल, तर जरूर. कोणीच नसेल तर फाइल शेअरिंगपुरता तयार नॅस (नेटवर्कवरच्या डिस्कचा) डबा घ्या आणि डेटाबेस कोणाकडे तरी भाड्याने ठेवा. दीड वर्षात डेबियन स्वतःहून एकदाही कोसळलं नाही. वीज गेली तेव्हा यूपीएसने इशारा दिला आणि सर्व्हर शिस्तीत बंद झाला, इतकंच.

गेल्या गुरुवारी काकांनी विचारलं, त्या पॅनेलवर थेट सर्व्हरचं फोल्डर दिसेल का, मधला डबा कशाला. मी म्हटलं, पॅनेल बदललंत तर. त्यांनी नव्या कंट्रोलरचं कोटेशन मागवलं आहे. ते येईपर्यंत डब्याचा पंखाही मीच पुसतोय.