‘मूनवॉक’ची सही केलेली पहिली आवृत्ती: पैसे पाठवण्याआधी हे वाचा

मायकल जॅक्सनच्या ‘मूनवॉक’ या आत्मचरित्रावरची सही झोकदार होती. काळा मार्कर, मोठा फर्राटेदार ‘एम’, खाली ‘मुंबई, नोव्हेंबर १९९६’. सोबत लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, त्यावर चंदेरी होलोग्राम. विकणाऱ्याची गोष्टही चोख: काका तेव्हा पंचतारांकित हॉटेलात कामाला होते, मायकल जॅक्सन आला तेव्हा त्यांनी स्वतः समोर उभं राहून सही घेतली. तारीख जुळत होती. ‘हिस्टरी’ दौऱ्यातला मुंबईचा कार्यक्रम अंधेरीच्या क्रीडा संकुलात १ नोव्हेंबर १९९६ लाच झाला. पंचाईत एकच झाली. पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच बेरी गॉर्डीची प्रस्तावना लागत होती. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या गॉर्डीने ती लिहिली २००९ च्या पुनर्मुद्रणासाठी, जॅक्सन गेल्यानंतर. म्हणजे काकांनी तेरा वर्षांनंतर छापल्या जाणाऱ्या पुस्तकावर सही घेतली होती.

घेणाऱ्याने ही प्रत तपासायला दिली तेव्हा पैसे जाऊन महिना झाला होता. त्याने जाहिरातीतले सहा फोटो नीट बघितले होते: मुखपृष्ठ, पाठ, कणा, सही, प्रमाणपत्र, पुन्हा सही. कॉपीराइटच्या पानाचा, म्हणजे जिथे प्रकाशनाचं साल आणि आवृत्ती छापलेली असते त्या पानाचा, एकही नव्हता. या धंद्यातली निम्म्याहून जास्त लबाडी त्या एका न दाखवलेल्या पानावर चालते.

खरी पहिली अमेरिकन आवृत्ती कशी असते ते आधी बघू. प्रकाशक डबलडे, न्यूयॉर्क, १९८८. कापडी-पुठ्ठ्याची बांधणी, २८३ पानं, जाकिटाच्या (वरच्या सुट्या कागदी वेष्टणाच्या) आतल्या घडीवर किंमत १५.९५ डॉलर, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) ०-३८५-२४७१२-५. प्रास्ताविकाचे चार शब्द जॅकलीन ओनासिसचे, कारण तेव्हा ती डबलडेत संपादक होती आणि हे पुस्तक तिनेच मिळवलं होतं. अर्पणपत्रिका फ्रेड अ‍ॅस्टेअरला. कॉपीराइटच्या पानावर ‘फर्स्ट एडिशन’ असे शब्द. लंडनची हाइनमानची आवृत्तीही १९८८ चीच आहे आणि तीही अस्सल आहे, पण ‘अमेरिकन पहिली’ म्हणून विकली तर ती फसवणूकच.

त्याच पानावर आयएसबीएन १३ अंकी छापलेला असेल तर ती प्रत १९८८ ची नाही, विषय संपला. १३ अंकी पद्धत २००७ मध्ये आली. (जाकिटाच्या मागे बारकोडखाली ९७८ ने सुरू होणारा आकडा दिसला तर मात्र घाबरू नका, बारकोडात तो आधीपासून होता. या एका कारणाने लोकांनी चांगल्या प्रती परत पाठवल्या आहेत.) पुनर्मुद्रणातही ‘फर्स्ट अमुक एडिशन’ असे शब्द येऊ शकतात, तेव्हा शब्दांवर भाळू नका, शेजारचं साल वाचा.

आता बुक क्लब. अमेरिकेत सभासदांना टपालाने स्वस्तात पुस्तकं पाठवणारे क्लब होते आणि त्यांतले काही मोठे क्लब डबलडेचेच होते. त्यामुळे क्लबच्या प्रतीवरही प्रकाशकाचं नाव तेच, फोटो तोच, जाकीटही लांबून तेच. फरक हातात घेतल्यावर कळतो. घडीवर किंमत नसते. कधी घडीच्या तळाशी ‘बुक क्लब एडिशन’ असं बारीक छापलेलं असतं. कागद पातळ, पुस्तक किंचित बुटकं आणि वजनाला हलकं. काही क्लब मागच्या पुठ्ठ्यावर कण्याजवळ खालच्या कोपऱ्यात एक छोटा दाबलेला ठिपका किंवा चौकोन ठेवत; तो दिसत नाही, बोट फिरवलं की लागतो.

इथे लबाडीची कारागिरी सुरू होते. घडीचा वरचा कोपरा कात्रीने तिरका कापून टाकतात आणि सांगतात, ‘भेट देताना किंमत कापली असेल.’ भेट देताना लोक खरंच किंमत कापत, म्हणून ही थाप पचते. पण मुळात किंमत नव्हतीच हे लपवायलाही तोच कोपरा कापला जातो. कोपरा कापलेला असेल तर बाकीच्या खुणा दुप्पट बारकाईने बघा. दुसरी युक्ती: फाटक्या पहिल्या आवृत्तीचं चांगलं जाकीट काढून क्लबच्या प्रतीवर चढवायचं. मग जाकीट पुस्तकापेक्षा दोन-चार मिलिमीटर उंच राहतं आणि वरच्या कडेला सुरकुत्या पडतात. उसना सदरा घातल्यासारखं दिसतं ते.

तिसरी युक्ती छापील जाकिटाची. खरं जाकीट स्कॅन करून लेझर प्रिंटरवर काढायचं. याला दहापट भिंग पुरतं. सराफ वापरतात ते, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. फोटो बघू नका, बारीक काळी अक्षरं बघा. १९८८ च्या ऑफसेट छपाईत काळं अक्षर म्हणजे सलग काळी शाई, कड स्वच्छ. स्कॅन करून छापलेल्या जाकिटात तेच अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचं बनलेलं दिसतं आणि कड फुटलेली असते. शिवाय लेझरची पूड कागदात मुरत नाही, वर बसते. घडीच्या रेषेवर ती तडकते आणि पांढरी चीर दिसते. पस्तीस वर्षं जुन्या जाकिटाचा कणा उन्हाने थोडा तरी फिका पडलेला असतो. आतली पानं पिवळी आणि जाकीट कोरं करकरीत, हे जमत नाही.

सहीचं सांगायचं तर, जॅक्सनने सही केलेली पुस्तकं आहेत, पण दर महिन्याला विकायला निघतात तेवढी नक्कीच नाहीत. भिंगाखाली खऱ्या पेनाची रेघ कागदाच्या तंतूंवरून जाते, जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे शाई गडद होते, वळणावर वेग बदलतो. छापील सहीत ठिपके दिसतात. यंत्राने काढलेल्या सहीत रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असते आणि सुरुवातीला व शेवटी पेन टेकल्याचा टिंब राहतो. हाताने केलेली नक्कल ओळखणं सगळ्यात अवघड. तिथे एकच खूण बरीच उपयोगी पडते: नक्कल करणारा हळू काढतो, म्हणून लांब फर्राट्यात रेघ थरथरते.

एक गंमत. १९८० च्या दशकातल्या त्याच्या काही खऱ्या सह्यांखाली ‘१९९८’ असं लिहिलेलं सापडतं. नवखा माणूस ते बघून ‘खोटी’ म्हणून मोकळा होतो. पण हे आता नकला करणाऱ्यांनाही माहीत झालंय, त्यामुळे ‘१९९८’ दिसल्याने सही खरीही ठरत नाही.

प्रमाणपत्राचा कागद घरी छापता येतो आणि होलोग्रामची पट्टी शेकड्याने विकत मिळते. नावाजलेल्या तपासणी संस्था प्रमाणपत्राचा क्रमांक आपल्या संकेतस्थळावर शोधू देतात. क्रमांक टाकल्यावर पुस्तकाचं वर्णन आलं पाहिजे, आणि फोटो असेल तर तो याच सहीचा असला पाहिजे. नुसता ‘क्रमांक वैध’ असा शेरा पुरत नाही, कारण खरी सही असलेल्या एखाद्या टोपीचा क्रमांक खोट्या पुस्तकाला चिकटवलेला असू शकतो. क्रमांकच नाही, फक्त विकणाऱ्याच्या दुकानाचा शिक्का आहे, तर ते प्रमाणपत्र म्हणजे त्याने स्वतःला दिलेलं शाबासकीचं पत्र.

बिनसहीची खरी पहिली आवृत्ती मुळात दुर्मीळ नाही. पुस्तक अमेरिकेत खपाच्या यादीत अव्वल होतं, प्रती भरपूर छापल्या गेल्या. ‘जगात मोजक्याच उरल्यात’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा.

दुसरा फसवणुकीचा प्रकार स्वस्त आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं: नवी चरित्रं. जून २००९ मध्ये जॅक्सन गेला आणि काही आठवड्यांत पुस्तकांचा पूर आला. पुतण्या जाफर जॅक्सनला घेऊन चरित्रपट येणार ही बातमी फुटल्यावर तेच पुन्हा. ८०-१०० पानं, मोठा टाइप, आत एकही फोटो नाही (फोटोंच्या हक्कांना पैसे पडतात), सूची नाही, संदर्भ नाहीत, आणि लेखकाच्या नावावर वर्षभरात चाळीस पुस्तकं: आज गायक, उद्या मधुमेहाचा आहार. शेवटच्या पानावर बारकोड आणि छपाईची तारीख असते. ती बहुतेकदा तुमच्या ऑर्डरनंतरची निघते. ऑर्डर आली की एक प्रत छापायची, असा हा मामला. मागणीनुसार छपाई हा गुन्हा नाही, चांगली पुस्तकंही अशी छापतात. पण आतला मजकूर विश्वकोशातून उचललेला किंवा यंत्राने लिहिलेला असेल तर तुम्ही कागदाचेच पैसे दिलेत.

यांचे नमुना-पानं मोफत वाचता येतात. तिथे चार गोष्टी शोधा. ‘डेंजरस’ (१९९१) या अल्बमचा निर्माता क्विन्सी जोन्स म्हटलंय? बंद करा. जोन्सने ‘ऑफ द वॉल’, ‘थ्रिलर’ आणि ‘बॅड’ केले; ‘डेंजरस’ मध्ये टेडी रायली, बिल बॉट्रेल आणि ब्रूस स्वीडियन आहेत. ‘थ्रिलर’ हे गाणं मायकलने लिहिलं म्हटलंय? ते रॉड टेम्परटनचं. मायकलची त्या अल्बममधली चार, ‘बिली जीन’ आणि ‘बीट इट’ त्यांतली. मूनवॉक ही चाल त्याने शोधली, असं ठोकून दिलंय? रस्त्यावर नाचणारी पोरं ती आधीपासून करत होती, आणि तो स्वतःच्या पुस्तकात हे मान्य करतो. मोटाऊनचा पंचविसाव्या वर्षाचा कार्यक्रम १६ मे १९८३ ला ‘झाला’ म्हटलंय? त्या दिवशी तो कार्यक्रम टीव्हीवर दिसला. चित्रित झाला २५ मार्चला, पॅसाडिनात. शेवटची चूक चांगल्या पुस्तकातही सापडते, तिला माफी आहे. पहिल्या तिघींना नाही.

जवळजवळ मूळ पुस्तकासारखंच मुखपृष्ठ, आणि बारीक अक्षरात ‘सारांश व विश्लेषण’, हाही एक सापळा. ताराबोरेली आणि व्होगेल या जॅक्सनवर लिहिणाऱ्या दोघांच्या पुस्तकांची नावं नीट लिहून घेऊन मगच शोधा. ताराबोरेलीचं जाडजूड चरित्र पहिल्यांदा १९९१ मध्ये आलं. मृत्यूपर्यंतची हकिगत हवी असेल तर नावात ‘१९५८–२००९’ असलेली आवृत्तीच मागा, नाहीतर जुनी प्रत माथी मारली जाते आणि २००५ चा खटला त्यात शोधत बसावं लागतं. जोसेफ व्होगेलचं ‘मॅन इन द म्युझिक’ २०११ चं, सुधारून २०१९ मध्ये निघालेलं; गाण्यांवर, अल्बमवार, इतकं नेटकं दुसरं नाही. स्टुडिओत माइक कुठे ठेवला इथपर्यंत हवं असेल तर ध्वनिमुद्रक स्वीडियनचं २००९ चं पुस्तक. ताराबोरेलीचे निष्कर्ष सगळ्यांना पटत नाहीत, पण त्याने माणसं भेटून लिहिलंय. आणि ‘मूनवॉक’ स्वतः? अर्धं सांगतं, अर्धं गिळतं. कथा १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबते. त्यामुळे ‘मूनवॉक’ नावाच्या प्रतीत निवेदनातच १९९३ चा उल्लेख आला तर ते दुसरंच काहीतरी आहे.

पैशाकडे येऊ. विक्रेता साइटच्या बाहेर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलवतो आणि निम्मी रक्कम आगाऊ मागतो, हा नेहमीचा रस्ता. त्याला एकच काम सांगा: कॉपीराइटच्या पानावर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठव. ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याला दोन मिनिटं लागतात. ज्याच्याकडे कुठल्यातरी जुन्या लिलावातले फोटो आहेत तो ‘आणखी तिघं विचारतायत’ म्हणून घाई करतो. प्रत परदेशातून येणार असेल तर पुढचा फोन ‘कस्टममध्ये अडकलंय’ असा येतो. आयात पुस्तकांवर ड्यूटी असते हे खरं, पण ती कुरिअर कंपनी किंवा टपाल खातं पावती देऊन घेतं. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर ती भरत नाहीत. ‘परतावा देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हटलं तर फोन ठेवा. पिन पैसे जाताना लागतो, येताना नाही.

पार्सल आलं की फोडण्याआधी चालू केलेला, मध्ये न थांबवलेला व्हिडिओ घ्या: पत्ता, चिकटपट्टी, पुस्तक, घडी, कॉपीराइटचं पान, या क्रमाने. पुस्तकावर नाव घालू नका, प्लॅस्टिक वेष्टण फेकू नका. यूपीआयने पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवा, तो विचारतातच. साइटवरून घेतलं असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत साइटकडे, आणि दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. तक्रारीत नुसतं ‘नकली निघालं’ लिहिलं तर ‘पुस्तक तर मिळालं ना’ असं उत्तर येतं. लिहायचं ते असं: ‘वर्णनात पहिली आवृत्ती, १९८८. आलेल्या प्रतीच्या कॉपीराइट पानावर २००९ आणि १३ अंकी आयएसबीएन. दोन्हींचे फोटो जोडले आहेत.’