नागलीच्या पापडांसाठी कर्ज: बचत गट, मायक्रोफायनान्स की मुद्रा?

नाशिक जिल्ह्याच्या पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील एखादी बाई घरापुरते नागलीचे (नाचणीचे) पापड करता करता ते विकू लागली, की एक-दोन हंगामांतच तिच्यापुढे भांडवलाचा प्रश्न उभा राहतो. नागली खळ्यावर येते ती दिवाळीच्या आगेमागे, आणि गावात ती स्वस्त मिळते तीही तेव्हाच. पापड मात्र ऊन तापू लागल्यावर होतात आणि विक्रीचा पैसा त्यानंतर हाती येतो. धान्य घेणे आणि माल विकणे यांत असे तीन-चार महिने जातात. कर्ज निवडताना व्याजदराच्या आधी हे अंतर मोजावे, असे माझे मत आहे. बहुतेक जणी दर आधी विचारतात आणि हप्त्याची तारीख सही झाल्यावर पाहतात.

तरीही दराचा हिशेब आधी उरकू. ३०,००० रुपये बारा मासिक हप्त्यांत फेडायचे आहेत, असे धरू. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी जोडलेल्या महिला बचत गटांना बँकेचे ३ लाखांपर्यंतचे कर्ज वार्षिक ७ टक्क्यांनी देण्याची तरतूद आहे. पण गट ते सदस्याला पुष्कळदा शेकडा एक रुपया महिना, म्हणजे वार्षिक १२ टक्के, या दराने देतो आणि मधला फरक गटाच्याच निधीत राहतो. घटत्या शिलकीवर, म्हणजे दर हप्त्यानंतर उरलेल्या मुद्दलावरच आकारल्यास, हे व्याज साधारण १,९८५ रुपये होते. मायक्रोफायनान्स संस्थेचा, म्हणजे छोटी विनातारण कर्जे देणाऱ्या संस्थेचा, दर २४ टक्के धरला तर व्याज ४,०४० रुपयांच्या आसपास जाते, आणि प्रक्रिया शुल्क व विम्याची रक्कम त्याहून वेगळी. ‘आमचे फक्त बारा टक्के’ असे कोणी सांगितले, तर ते मूळ रकमेवर आहेत की घटत्या शिलकीवर, हे विचारावे. मूळ रकमेवरचे बारा टक्के म्हणजे ३,६०० रुपये व्याज, अर्थात घटत्या शिलकीवरचे जवळपास साडेएकवीस टक्के. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सर्व आकार धरून होणारा वार्षिक दर माहितीपत्रकात लिहून द्यावाच लागतो. बोलण्यावर न जाता तोच आकडा पाहावा.

मायक्रोफायनान्सची खरी ताकद वेग आहे. कागद थोडे, तारण नाही, पैसे काही दिवसांत खात्यावर. अडचण आहे ती हप्त्याची, कारण तो आठवड्याचा, पंधरवड्याचा किंवा महिन्याचा असला तरी लगेच सुरू होतो. डिसेंबरात नागली भरलेल्या बाईकडे जानेवारीत विकायला काहीच नसते. त्याच दिवसांत या भागातील अनेक बायका दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात, आणि हप्ता त्या मजुरीतून भरला जातो. कर्ज धंद्याच्या नावाचे आणि फेड मजुरीची, हा हिशेब कागदावर कुठे दिसत नाही. त्यातच एकीचा हप्ता चुकला की भार सोबत कर्ज घेतलेल्या गटातील इतरांवर येतो आणि शेजारणीशी बोलणे तुटते. नियमांनी कर्जदाराला काही संरक्षण दिले आहे: घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत, मुदतीआधी फेडल्यास दंड नसावा, सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर वसुलीचे फोन नसावेत.

बचत गटाची वाट संथ आहे. नव्या गटाला नियमित बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री साधारण सहा महिने पाळून दाखवावी लागते, मग बँकेचे दार उघडते. मात्र बँकेने गटाला कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तेव्हा पैसे काढण्याची सोय, मंजूर केले, तर वापरलेल्या रकमेवरच व्याज लागते, आणि हंगामी धंद्याला याहून सोयीचे दुसरे काही मला दिसत नाही. सदस्याचा हप्ता केव्हा सुरू करायचा, हे गट ठराव करून ठरवू शकतो. पापड विकल्यावर मुद्दल आणि तोवर फक्त व्याज, अशी सवलत ओळखीच्या बायकांनाच पटते. गटाचे दप्तर नीट नसेल तर मात्र हे सगळे कागदावरच राहते.

मुद्रा या छोट्या धंद्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या कर्जयोजनेतील ‘शिशु’ प्रकारात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते आणि ते बाईच्या स्वतःच्या नावावर असते. यंत्राचे कोटेशन, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आणि शाखेच्या खेपा यांसाठी वेळ काढावा लागतो. पेठहून शाखेपर्यंत दोन-तीनदा जाणे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडणे. पीठ मळण्याचे किंवा पापड दाबण्याचे यंत्र घ्यायचे असेल तर हे कर्ज योग्य, कारण त्याची फेड काही वर्षांत विभागता येते. धान्यासाठी इतकी मोठी मुदत घेण्यात अर्थ नाही.

म्हणून गट जुना असेल तर नागलीसाठी गटाकडे जावे आणि यंत्रासाठी मुद्रा घ्यावे. गट नवा असेल तर यंदा मायक्रोफायनान्स टाळून साठलेल्या बचतीतून चार-पाच पायली (धान्याचे जुने माप) नागली भरावी आणि बँकेचा अर्ज पुढच्या दिवाळीआधी पुरा करावा. मायक्रोफायनान्स घेणे भागच असेल, तर कर्ज डिसेंबरात न उचलता विक्री तोंडावर आल्यावर, मार्चमध्ये, पिशव्या आणि वाहतुकीपुरते उचलावे.