इथिओपियम : आदिस अबाबाचे सूर, ऑक्सनार्डचा ठेका

कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्डचा हिप-हॉप संगीतनिर्माता ओ नो याचा ‘डॉ. नोज इथिओपियम’ हा अल्बम स्टोन्स थ्रो कंपनीने २००९ साली काढला. ओ नोचे खरे नाव मायकेल जॅक्सन आहे, पण त्या जगप्रसिद्ध गायकाशी त्याचा नामसाधर्म्यापलीकडे काही संबंध नाही. त्याचा थोरला भाऊ मॅडलिब याने २००७ मध्ये हिंदी चित्रपटसंगीताचे तुकडे जोडून असाच अल्बम केला होता. धाकट्याने इथिओपियाच्या जुन्या गाण्यांकडे मोर्चा वळवला.

त्याने निवडलेला कच्चा माल अस्सल आहे. सम्राट हेले सेलासीच्या काळात शाही अंगरक्षक दल आणि पोलीस यांच्या बँडमध्ये तयार झालेले वादक रात्री राजधानी आदिस अबाबाच्या क्लबांत वाजवू लागले. १९६९ मध्ये अम्हा एशेटे या तरुणाने सरकारी मक्तेदारी न जुमानता स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि त्या संगीताच्या तबकड्या निघू लागल्या. १९७४ मध्ये लष्करी राजवट आली, पुढे रात्रीची संचारबंदी लागली, आणि हा बहर ओसरला.

या संगीतातले पंचस्वरी साचे आपल्या कानाला परके वाटत नाहीत. त्यांतील तिझिता याच्या एका रूपाचे स्वर भूप रागाचे आहेत, तर अंबासेल या साच्याचे स्वर गुणक्री रागाचे. चलन मात्र सर्वस्वी वेगळे. सॅक्सोफोनचा तो कापरा, किंचित रडवेला सूर ओ नो फारसा न घासता-पुसता ठेवतो आणि त्याखाली जाड, जड ड्रम बसवतो. मूळ गाण्यांतला सहा मात्रांचा झोकदार ठेका हिप-हॉपच्या चौकोनी चालीत ओढून आणताना जी रस्सीखेच होते, ती मला या अल्बमची खरी गंमत वाटते. तेथे बीट लंगडत नाही, डुलते.

तक्रार आहे ती लांबीविषयी. तीसहून अधिक तुकडे असून बहुतेक दीड-दोन मिनिटांतच संपतात. तिझिता या शब्दाचा अर्थच मुळी आठवण, हुरहुर असा आहे. ती दाटून यायला अवधी लागतो, आणि इथे सूर जरा कुठे भिनू लागला की पुढचा तुकडा सुरू होतो. रॅप लिहिणाऱ्याला हे तुकडे कोऱ्या वहीसारखे सोयीचे आहेत, पण नुसते ऐकणाऱ्याची ओंजळ अर्धीच भरते. शिवाय तुकड्यांची इंग्रजी नावे मूळ गाण्यांचा काहीच माग लागू देत नाहीत.

तरीही हेडफोन लावून एका बैठकीत तो जरूर ऐकावा. त्यानंतर लगेच जुन्या इथिओपियन संगीताच्या ‘एथिओपिक्स’ या अल्बम-मालिकेचा, संगीतकार मुलातू अस्तात्के यांच्या वाद्यसंगीताचा चौथा खंड लावावा. तिथे हेच सूर घाई न करता वाजतात.