गावात वायफाय आणायला गेलो आणि ४,०८,२०० रुपये घालवून बसलो

आधीच सांगतो, "एवढा शिकलेला असून फसलास कसा" हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी घरात, सासरवाडीत आणि पोलीस ठाण्यात सुद्धा ऐकून झालंय, त्यामुळे ते परत लिहू नका. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आमच्याकडे रेंज म्हणजे देवळामागच्या टेकाडावर एक काडी, पोरं परीक्षेचा फॉर्म भरायला येतात तेव्हा मी मोबाइल खिडकीत टांगून हॉटस्पॉट लावतो. अशा माणसाला कोणी फोनवर म्हणालं की पीएम-वाणीत, म्हणजे केंद्र सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेत, तुमच्या तालुक्याची एकच फ्रँचायझी उरलीय, तर तो ऐकणारच ना?

पद्धत तुम्हाला माहितीच आहे. आधी गोड बोलणाऱ्या मॅडम, मग "सर", मग तिरंगा छापलेलं अप्रूव्हल लेटर. रजिस्ट्रेशन ११,८००. डिपॉझिट १,२५,०००. सामानाचे २,३६,०००, हे तर मी स्वतः बँकेत रांगेत उभं राहून आरटीजीएस केले. वर "स्पेक्ट्रम क्लिअरन्स" म्हणून ३५,४००. डिपॉझिट सोडलं तर सगळ्यावर १८ टक्के जीएसटी लावलेला, आणि मला त्याचाच भरवसा वाटला, की चोर कशाला टॅक्स लावेल.

खरी लाज पुढेच आहे. बिलावर ठसठशीत प्रायव्हेट लिमिटेड लिहिलेलं आणि खाली जीएसटी नंबर. या नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं तो कुणाचा आहे, कंपनी असेल तर सी, एकटा माणूस असेल तर पी. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघायचं. तिथे पी होता. मी रोज लोकांचे पॅनचे फॉर्म भरतो, हे अक्षर गिऱ्हाइकांना कौतुकाने समजावून सांगतो. आणि दिसलं नाही असं म्हणणार होतो, पण दिसलं होतं. बिल हातात धरून थांबलो, बायकोने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, मालकाच्या नावावर असेल. त्या वेळी फक्त ११,८०० गेले होते. फक्त!

पीएम-वाणीला डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, आणि त्यात पीडीओला म्हणजे वायफाय देणाऱ्या दुकानदाराला ना लायसन्स लागतं, ना दूरसंचार विभागाकडे रजिस्ट्रेशन, ना कसली फी. हे मी वाचलेलं होतं हो! पण "सर" म्हणाले ते साध्या दुकानदाराला, तुम्ही तालुका पार्टनर. तालुका पार्टनर असलं काही त्या योजनेत नाहीच. आणि ५ गिगाहर्ट्झचा वायफाय बँड सरकारने २०१८ मध्येच लायसन्समुक्त केलाय, मग क्लिअरन्स कसला?

सामान आलं. दोन साधे घरगुती राउटर आणि फायबरचं एक ड्रम, कागदावर २ किलोमीटर. फायबरच्या वेष्टनावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, हे केबलवाल्या पोराने दाखवलं. सुरुवातीला ०४१२, शेवटी ०५९८. वजाबाकी करा. १८६ मीटर. पैसे देण्याआधी या दोन टोकांचा फोटो मागा, कुणाकडूनही माल घेत असाल तरी मागा. फोन केला तर म्हणे बाकीचा माल इन्शुरन्ससाठी अडकलाय, ४९,५०० भरा. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं.

त्यानंतर १९ दिवस मी कुणालाच बोललो नाही. हीच सगळ्यात महागात पडलेली चूक. पैसे गेले की त्याच तासाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, लाज नंतर वाटून घ्या, कारण समोरचं खातं रिकामं व्हायच्या आत गोठवलं तरच काही हाताला लागतं. माझ्या वेळी त्या खात्यात ३१२ रुपये होते.

आणि पोलीस ठाणं! पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा गेलो तर "पैसे तुम्ही स्वतः बँकेत जाऊन भरलेत, हे सायबरमध्ये बसत नाही." सायबरवाल्यांकडे गेलो तर "हा धंद्यातला व्यवहार आहे, दिवाणी दावा लावा." चौथ्या खेपेला अर्ज घेतला, त्याची पोच मागितली तर हवालदार म्हणतो विश्वास नाही का आमच्यावर. नाही, नाहीये! तिसऱ्या माणसाने समजावलं की आरोपी परराज्यातला दिसतो, तिकडे जाऊन तक्रार करा. अरे, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात होतो, आता कायद्यातच लिहिलंय, मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मोबाइलवर उघडून दाखवलं तर म्हणे आम्हाला कायदा शिकवता का. बँकेत मॅनेजर बदलून गेलेले, नवीन मॅडमना काही माहिती नाही. वकील म्हणतात ग्राहक आयोगात "धंद्यासाठी घेतलं" म्हणून उडवतील, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलं हे दाखवता आलं तर चालतं. त्यांची फी ५,०००, ती वेगळीच.

लेटर आलं की साइटचा पत्ता बघा, सरकारी असेल तर शेवटी गव्ह डॉट इन किंवा निक डॉट इन असतं. कंपनीला पैसे देताय तर खातं कंपनीच्याच नावाचं हवं, माणसाच्या नावाचं असेल तर उठून चालू लागा.

गावातल्या १४ घरांनी कनेक्शनसाठी ५०० रुपये अॅडव्हान्स दिला होता, मीच मागितला होता, मोठ्या ऐटीत पावत्या सुद्धा फाडल्या. नऊ जणांचे परत केले. पाच जणांचे २,५०० अजून द्यायचे आहेत, आणि त्यातल्या एक आजी रोज दुकानावरून जाताना विचारतात, "आलं का रे तुझं वायफाय?"