चावी काढली तरी रेडिओ बंद होईना, आणि दुकानवाल्याने १७,७०० चा चुना लावला

नवी मुंबईत कोणी गाडीला अँड्रॉइड स्क्रीन बसवून घेणार असेल तर पाच मिनिटं काढून हे वाचा, थोडं लांबलंय. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, तुर्भ्याच्या साइडला आहे एवढं पुरे.

गाडी साधी हॅचबॅक, जुना सीडीवाला टेप होता तो दसऱ्याच्या ऑफरमध्ये काढून ९ इंची स्क्रीन घेतली ९,५०० ला, फिटिंग फ्री. फिटिंगवाल्या पोराने भराभर डॅश उघडला, बंद केला, गाणी वाजली, रिव्हर्सचा कॅमेरा दिसला, मी खूश होऊन कोपरखैरणेला घरी आले. सोसायटीत गाडी लावली, चावी काढली, तरी एफएमवरची बाई बोलतेच आहे. आता काही नवीन गाड्यांत चावी काढल्यावरसुद्धा दार उघडेपर्यंत किंवा काही मिनिटं रेडिओ मुद्दाम चालू ठेवलेला असतो, कंपनीनेच तसं दिलेलं असतं, तो बिघाड नाही. पण माझ्या गाडीत दार उघडून, लॉक करून, परत उघडून सगळं झालं तरी चालूच. शेवटी आवाज म्यूट केला, स्क्रीन काळी केली आणि वर गेले. सकाळी बॅटरी पार उतरलेली, सेल्फ मारला की नुसतं टक टक टक. वॉचमनने आणि इस्त्रीवाल्याने मिळून धक्का मारला तेव्हा कुठे गाडी चालू झाली.

हिशोब सोपा आहे खरं तर. गाडी झोपलेली असताना बॅटरीतून साधारण ५० मिलीअँपिअरच्या आतच करंट जायला पाहिजे, आणि अशी स्क्रीन चालू असली की दोन-अडीच अँपिअर आरामात खाते. रात्रभरात २५-३० अँपिअर अवर गेले, आणि छोट्या गाडीची बॅटरीच असते ३५ ची!

तशीच गाडी घेऊन दुकानात गेले. पोराने स्टिअरिंगखाली डोकं घातलं, टॉर्च मारला, दोन वेळा च्च च्च केलं आणि मालकाला बोलावलं. मालक म्हणे मॅडम तुमचा बीसीएम वीक झालाय, नवीन स्क्रीनचा लोड घेत नाही, त्यामुळे गाडी स्लीपला जात नाही. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, लाइट, वायपर, सेंट्रल लॉक वगैरे सांभाळणारा डबा. मी विचारलं काल सकाळपर्यंत तर सगळं ठीक होतं, तुम्ही स्क्रीन बसवल्यावरच कसं झालं, तर उत्तर काय, "मॅडम हे टेक्निकल आहे, साहेबांना फोन लावून द्या, मी त्यांना समजावतो." साहेब कुठले, गाडी माझ्या नावावर, हप्ते मी भरले. पण ऑफिसला पोचायचं होतं आणि त्याने बरोबर तिथेच दाबलं, असंच चालवलंत तर वायरिंग जळेल, रस्त्यात काही झालं तर आमची जबाबदारी नाही. ते ऐकल्यावर कोण गाडी परत नेणार सांगा.

बीसीएम प्रोग्रामिंगसकट १३,८००. वर बॅटरी पण "डेड" आहे म्हणे, नवीन ४,६०० ची, जुनीचे ७०० वजा. एकूण १७,७००. गाडी दिवसभर ठेवून घेतली. संध्याकाळी रेडिओ चावीबरोबर बंद होत होता हे खरं. जुना पार्ट दाखवा म्हटलं तर झिपच्या पिशवीत कोपरा जळलेला काळा डबा दाखवला, घरी नेते म्हटल्यावर हे कंपनीला परत पाठवावं लागतं म्हणून काढून घेतला. मी तेवढ्यात फोटो काढला होता. बिल मागितलं तर साध्या कागदावर आकडे, जीएसटी पाहिजे तर १८ टक्के वरून द्या. पैसे यूपीआयने दिले तेही कोणाच्या तरी पर्सनल नावावर गेले.

पुढे काही महिन्यांनी डाव्या दाराचा स्पीकर खरखरायला लागला. त्या दुकानात जायची इच्छा नव्हती म्हणून घणसोलीत एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये बसतात, त्यांच्याकडे गेले. स्पीकरचं निघालं किरकोळ, दारातली वायर घासली होती. पण स्क्रीन बाहेर काढल्यावर मामा मागच्या वायरी बघत बसले आणि मला म्हणाले, ताई, इथे काय खेळ केलाय बघा.

स्टिरिओच्या मागे मेन वायरी तीन. पिवळीला कायम १२ व्होल्ट, घड्याळ आणि सेव्ह केलेले स्टेशन लक्षात राहावेत म्हणून. लालला फक्त चावी एसीसीवर (इंजिन चालू न करता रेडिओ वगैरे चालतो ती चावीची पायरी) आल्यावर करंट, आणि काळी म्हणजे अर्थिंगची, गाडीच्या बॉडीला जोडलेली. माझ्याकडे मूळ कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, कापून टाकलेला, आणि लाल वायरीवर दोन जागी टेप. एक टेप सोडली तर आत पिवळीचं तुटकं टोक अजून लालला पिळलेलंच होतं, तांब्याच्या तारा बाहेर आलेल्या. म्हणजे पहिल्या दिवशी त्या पोराने एसीसीची वायर शोधायचा कंटाळा केला आणि लाल-पिवळी एकत्र करून मोकळा झाला. आता स्क्रीनला कळणार कसं चावी काढलीय ते? तिला चोवीस तास करंट. नंतर "बीसीएम बदलला" त्या दिवशी काय केलं तर पिवळी कापून बाजूला केली आणि लाल नेऊन सिगरेट लायटरच्या वायरीला जोडली, तिला चावीवरच करंट असतो. मामा म्हणाले दहा मिनिटांचं काम. स्वतः घातलेली गाठ स्वतःच सोडायचे १३,८००!

मी तरी म्हटलं, पण डबा बदलला असेल ना. मामांनी मोबाइलचा टॉर्च डॅशच्या खाली धरला. बीसीएमवर सगळीकडे धुळीचा थर, स्क्रूला पाना लागल्याची खूण नाही, आणि लेबलवर गाडीचंच साल. मग त्यांनी विचारलं दुसरी चावी कुठे आहे. ती घरी कपाटात, त्या दुकानात कधी गेलीच नव्हती. माझ्या गाडीत रिमोटचा रिसिव्हर त्या बीसीएममध्येच असतो, डबा बदलला तर दोन्ही चाव्या परत रजिस्टर कराव्या लागतात. घरी येऊन खिडकीतून बटण दाबलं, खाली गाडीचे इंडिकेटर दोनदा लुकलुकले. एवढी चिडचिड झाली ना तेव्हा! फोटोतला जळका डबा मामांना दाखवला तर ते हसले, त्याचा कपलर आपल्या गाडीला लागतच नाही, वेगळ्याच कंपनीच्या गाडीचा आहे.

बॅटरीचं दुःख वेगळंच. जुनी वॉरंटीत होती, कार्ड अजून माझ्या फाइलमध्ये आहे. ती मेली नव्हती, नुसती उतरली होती, रात्रभर स्लो चार्जिंगला लावली असती तर बहुतेक उठली असती.

तर कोणाचा रेडिओ असा बंद होत नसेल तर कोणाच्याही तोंडून बीसीएम हा शब्द ऐकायच्या आधी समोर उभं राहून मीटर (व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर) लावायला सांगा. चावी बाहेर, मीटरची एक पिन लालला, एक काळ्या अर्थिंगला. १२ व्होल्ट दिसले तर दोष स्टिरिओच्या आधी आहे, इग्निशन स्विच चिकटलाय, एसीसीचा रिले अडकलाय किंवा माझ्यासारखा जॉइंट आहे. त्यात चावी काढूनही ब्लोअर किंवा वायपर चालत असतील तर स्विचवरच संशय घ्या. लालला शून्य आणि तरीही रेडिओ वाजतोय तर स्टिरिओच खराब. तोपर्यंत फ्यूज बॉक्समधला रेडिओचा फ्यूज रात्री काढून ठेवला तरी बॅटरी वाचते. आणि नवीन स्क्रीन घेताना वायरी कापू देऊ नका, आपल्या गाडीचा रेडीमेड कपलर मिळतो, तो लावायला सांगा.

मी दुकानात परत गेले तेव्हा मालक शांतपणे म्हणाला, "मॅडम तुमचा प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला ना?" वर सीट कव्हर फ्री देतो. मग मी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, यूपीआयचा स्क्रीनशॉट, तो साधा कागद, डब्याचा फोटो, लेबलचा फोटो सगळं जोडून. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय हे तेव्हा कळलं. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, ५ लाखांपर्यंतच्या केसला फी नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायचं.

तक्रार गेल्यावर मालकाचा स्वतःहून फोन आला, पाच हजार घ्या आणि विषय मिटवा. मी सांगितलं बीसीएमचे पूर्ण १३,८०० पाहिजेत आणि स्क्रीनचं पक्कं बिल पण. विचार करून सांगतो म्हणाला, अजून विचारच चालू आहे.